तेरा वर्षांनंतरचे माहेर

परदेशी सोयरिकीविषयी मागील अंकात आलेल्या लेखानंतर, फिलिपिन्सशी नाते जुळलेल्या मराठी घरांतून काही पत्रे आली. माझे यजमान लोस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत नोकरीला होते, त्यामुळे मी त्या देशात अकरा वर्षे संसार केला आहे. म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी मूळचा ठाण्याचा, सतरा वर्षे शारजात नोकरी करतो. माझी पत्नी फिलिपिन्समधल्या बातांगास प्रांतातली, लिपा शहराजवळच्या खेड्यातली आहे. थोरल्या मुलीला घेऊन ती २०१२ मध्ये माहेरी गेली होती, त्यानंतर जाणे झालेले नाही. २०२१ मध्ये तिचे वडील वारले. त्या वेळी प्रवासावर निर्बंध होते, त्यामुळे अंत्यविधी आम्ही फोनवर पाहिला. येत्या डिसेंबरमध्ये आम्ही चौघे तीन आठवड्यांसाठी निघालो आहोत. पत्नी तीन महिने खोकी भरते आहे, पण जाण्याचा विषय निघाला की गप्प होते. तिचा भाऊ मात्र फोनवर दर वेळी पैशांचे काहीतरी काढतो. नुकतेच त्याने वडिलांच्या थडग्याचे भाडे भरायचे आहे असे कळवले. थडग्याला भाडे असते हे मी आयुष्यात प्रथमच ऐकले. आम्ही काय न्यावे, किती द्यावे आणि मी तेथे कसे वागावे?

उत्तर : थडग्याच्या भाड्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातला संशय तेथे आहे आणि तो निराधार आहे. फिलिपिन्समधल्या अनेक सार्वजनिक दफनभूमींत जागा इतकी अपुरी असते की शवपेटी जमिनीत पुरण्याऐवजी भिंतीसारख्या रचलेल्या सिमेंटच्या कप्प्यांत ठेवतात, आणि हे कप्पे बहुधा पाच वर्षांच्या कराराने मिळतात. मुदत संपली आणि कोणी पैसे भरले नाहीत, तर अस्थी काढून दुसरीकडे हलवतात व कप्पा पुढच्या कुटुंबाला देतात. तुमचे सासरे २०२१ मध्ये गेले, म्हणजे पाच वर्षे २०२६ मध्ये भरतात. तुमचा मेहुणा पैसे उकळत नसून, मागे राहिलेल्या मुलाने जे वेळेवर सांगायला हवे तेच सांगतो आहे. ही रक्कम आढेवेढे न घेता भरा आणि कचेरीत त्याच्याबरोबर स्वतः जा. पावती तपासण्यासाठी नव्हे, तर घरचा जावई म्हणून त्याच्या शेजारी उभे राहण्यासाठी जा.

पत्नीच्या गप्प होण्याला तागालोग भाषेत 'हिया' असा शब्द आहे. त्याचे भाषांतर 'लाज' असे करतात, पण 'आता कोणत्या तोंडाने जाऊ' असे आपण म्हणतो तेव्हा मनात जे असते, ते त्याच्या अधिक जवळचे आहे. तेथल्या कॅथलिक घरात कोणी गेले की शव काही दिवस ठेवून रात्री जागवतात. त्याला 'लामाय' म्हणतात. शेजारीपाजारी येतात, कॉफी आणि बिस्किटे फिरतात, झोप येऊ नये म्हणून पत्त्यांचे डावही पडतात, आणि येणारा जो तो 'आबुलोय' म्हणून आपल्या ऐपतीप्रमाणे काही रक्कम देऊन जातो. त्यानंतर नऊ दिवसांची प्रार्थना होते, चाळिसावा दिवस पाळतात आणि वर्ष भरले की 'बाबांग लुकसा' होते, म्हणजे घर दुःखाची वस्त्रे उतरवते. दहावा, तेरावा आणि वर्षश्राद्ध पाहिलेल्या माणसाला हे अधिक उलगडून सांगायला नको. हे सगळे तुमच्या पत्नीवाचून पार पडले. ती खर्चाचे पैसे पाठवत राहिली असणार, पण रात्र जागवायला ती तेथे नव्हती, आणि ते खोक्यांनी भरून निघत नाही हे तुमच्याआधी तिला कळलेले आहे.

म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आईबरोबर दफनभूमीत जाऊ द्या, आणि दोघींनाच जाऊ द्या. १ नोव्हेंबरच्या 'उन्दास'ला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाला, घरच्यांनी जागा झाडून, रंगवून, मेणबत्त्या लावून ठेवलेली असेल, त्यामुळे तेथे करण्यासारखे काम फारसे उरलेले नसेल, आणि ते बरेच आहे. तुम्ही मुलांना घेऊन नंतर सावकाश जा. फोटो त्या दिवशी काढा.

तिची बहीण पहिले दोन दिवस तुटक वागली, ताटे वाढली पण स्वतः जेवायला बसली नाही, तर तो 'ताम्पो' आहे असे समजा. इंग्रजी बोलणारे फिलिपिनो तक्रार करतात की या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. मराठीत तो तयार आहे, रुसवा. रुसवा परक्यावर धरत नाहीत, त्यामुळे तो दिसला तर अर्धे काम झाले असे माना. तो काढण्यासाठी कारणे सांगत बसू नये. विमानांची तिकिटे, मालकाची रजा, करोना ही कारणे बहिणीला माहीत आहेतच. तिच्याबरोबर बाजाराला जाणे, तिच्याकडून केस विंचरून घेणे, रात्री तिच्याच खोलीत झोपणे, असल्या लाडीगोडीने तो निघतो. तुम्हाला त्या खोलीत जागा नसेल, तर पडवीत झोपा.

आता खोक्यांविषयी. परदेशातून घरी पाठवायच्या या खोक्याला 'बालिकबायान' खोके म्हणतात. समुद्रमार्गे जाणाऱ्या अशा खोक्याचे भाडे वजनावर नसून आकारावर ठरते, त्यामुळे झाकणावर बसून ते भरण्याची कला प्रत्येक फिलिपिनो घरात असते. मोजे बुटांच्या आत, साबण मोज्यांच्या आत, मोकळ्या फटीत चॉकलेटे. परदेशस्थ नागरिकाने घरी पाठवलेल्या या खोक्यांतील १,५०,००० पेसोंपर्यंतचा माल शुल्कमुक्त असतो. ही मर्यादा पूर्वी अवघी १०,००० होती. २०१५ मध्ये सीमाशुल्क खात्याने खोकी उघडून तपासण्याचे मनावर घेतले, तेव्हा देशाबाहेरचे आणि देशातले लोक असे काही खवळले की राष्ट्राध्यक्षांना सरसकट खोकी उघडू नका असा आदेश द्यावा लागला, आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलून मर्यादा वाढवली गेली. खोके म्हणजे त्या घरांच्या दृष्टीने काय असते, याची यावरून कल्पना यावी.

तेव्हा पत्नीला 'हे सगळे तिकडच्या मॉलमध्येही मिळते' असे सांगू नका. मिळते हे तिला माहीत आहे. हवाबंद डब्यातले मांस, अंगाला लावायचे लोशन, पंचे, दंतमंजनाच्या जोड्या, आखातातले खजूर, यांचे मोल 'तुझे नाव घालून आणले' यात असते, आणि या भेटवस्तूंना 'पासालुबोंग' म्हणतात. माझी एकच सूचना आहे. प्रत्येक वस्तूवर नाव घालाच, पण आठ-दहा वस्तू बिननावाच्या वेगळ्या ठेवा. तेरा वर्षांत घरात किती जावा, सुना आणि मुले आली हे फोनवर पूर्ण कळत नाही, आणि सगळ्यांसमोर खोके रिकामे होत असताना एखादे पोर हात पसरून तसेच उभे राहिले, तर ते दृश्य तुमची पत्नी विसरणार नाही.

पैशांचा विषय अवघड आहे आणि तो विमानात बसण्याआधी दोघांनी मिटवायला हवा. २०२४ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार स्त्रियांना 'नवे वीर' असे संबोधले होते, आणि ती पदवी पुढे परदेशात राबणाऱ्या सर्वांनाच चिकटली. वीराचे दुखणे असे की त्याला नाही म्हणता येत नाही. 'उतांग ना लोओब' या शब्दसमूहाचा अर्थ अंतःकरणाचे ऋण असा होतो. ज्या थोरल्या भावाने शाळा सोडून बहिणीचे शिक्षण केले, किंवा ज्या मावशीने दलालाचे पैसे भरून तिला आखातात पाठवले, त्यांचे ऋण आकड्यात मोजत नाहीत आणि ते फिटलेही असे कोणी म्हणत नाही. तुमच्या पत्नीवर असे कोणाचे ऋण आहे हे तिला विचारा. त्या एक-दोन माणसांसाठी हात सैल सोडा. बाकीच्यांसाठी एक ठरावीक रक्कम वेगळी काढा, ती सासूबाईंच्या हाती द्या आणि त्यांना वाटू द्या. घरातल्या म्हातारीला वाटप करता येणे हा तिचाही मान आहे, आणि कोणाला किती हे तिला तुमच्यापेक्षा चांगले कळते. कोणी एकट्यात गाठून तुमच्याकडे उसने मागितले, तर तेथल्या तेथे नकार देऊ नका आणि होकारही देऊ नका, 'तिला विचारून सांगतो' म्हणा. उत्तर समोरच्याला कळते, आणि तोंडावर नाही ऐकण्याची नामुष्की टळते.

धर्ममुलांची मात्र वेगळी तरतूद ठेवा. तुमची पत्नी गावात किती जणांची 'निनांग', म्हणजे बाप्तिस्म्याची धर्ममाता आहे, हे तिलाही नीट आठवत नसेल. नाताळच्या दिवशी ही मुले नटूनथटून दारात येतात, धर्ममातेचा हात आपल्या कपाळाला लावतात आणि पाकिटाची वाट पाहतात. तेरा नाताळांची थकबाकी चेष्टेने मागतात, आणि चेष्टेतच द्यायची असते. बँकेतून कोऱ्या करकरीत नोटा आधीच आणून ठेवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण लिहिते. बातांगासमध्येच माबिनी नावाचे गाव आहे. तेथले इतके लोक इटलीत कामाला आहेत की त्या भागाला 'छोटी इटली' म्हणतात, आणि डोंगरउतारावर इटालियन धाटणीची मोठमोठी घरे उभी आहेत. त्यांतली कित्येक वर्षाचे अकरा महिने बंद असतात. तुमच्या पत्नीच्या पैशांनी माहेरी जी खोली किंवा मजला उठला असेल, त्यात आज भाऊ राहत असेल. त्याने भिंतींचा रंग बदलला असेल, तिच्या खोलीत मुलांची अभ्यासाची टेबले मांडली असतील. ते घर राहते ठेवल्याबद्दल त्याचे आभार माना. १२ जानेवारी २०२० रोजी ताल ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा त्या टापूत छपरांवर राखेचे थर साचले होते, आणि ते उपसायला तुम्ही नव्हता, तो होता.

लोस बान्योसला आमच्या शेजारची बाई नऊ वर्षांनी हाँगकाँगहून परतली, तेव्हा सगळे आनंदाने खोक्याभोवती जमले होते आणि ती स्वयंपाकघरात उभी होती. मी आत गेले तर म्हणाली, 'मिठाची बरणी सापडत नाही, माझ्याच घरात मला मीठ कुठे ते विचारावे लागते आहे.' तुमच्या वागण्याविषयी मला एवढेच सांगायचे आहे की तिला पाहुणी होऊ देऊ नका. सकाळी आईबरोबर ती भांडी घासायला बसली, तर 'तू तीन आठवडे विश्रांती घे' असे प्रेमाने म्हणू नका. पोहोचताच १६ डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहाटेच्या नऊ प्रार्थना सुरू होतील, त्यांना 'सिम्बांग गाबी' म्हणतात. तिला रोज पहाटे बहिणीबरोबर जाऊ द्या, आणि जमले तर एक-दोनदा तुम्हीही अंधारात उठून मागे चालत जा. चर्चबाहेर मिळणारी गरम बिबिंगका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक, आणि कडक बाराको कॉफी यांसाठी तरी जा. लिपा एके काळी कॉफीवर गब्बर झालेले गाव होते, पण १८८९ मध्ये तांबेरा पडला आणि मळे गेले. तरीही त्या कॉफीचा अभिमान गावात टिकून आहे, आणि जावयाने दुसरा पेला मागितला की सासरचे खूश होतात.

प्रश्न : माझी पत्नी फिलिपिनो नागरिक आहे, मी व मुलगा भारतीय पासपोर्टवर प्रवास करतो. सात वर्षांनी महिनाभरासाठी जात आहोत. 'बालिकबायान' शिक्का मिळाला की वर्षभर व्हिसाची गरज नसते असे नातेवाईक सांगतात. हे बरोबर आहे का? (विलेपार्ले)

उत्तर : नातेवाईक सांगतात ते त्यांच्या अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या जावयांच्या बाबतीत बरोबर आहे. 'बालिक' म्हणजे परतणे आणि 'बायान' म्हणजे गाव किंवा देश. ही योजना १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत सुरू झाली, १९८९ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. किमान वर्षभर सलग बाहेर राहिलेला नागरिक किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेला माजी नागरिक परत येतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच विमानाने येणाऱ्या परदेशी जोडीदाराला आणि मुलांना वर्षभराचा व्हिसाविरहित प्रवेश मिळू शकतो. मात्र काही राष्ट्रांच्या नागरिकांना ही सवलत लागू होत नाही, म्हणून भारतीय पासपोर्टधारकाने ती गृहीत धरून विमानात बसू नये. फिलिपिन्सच्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्यावे.

८ जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी चौदा दिवस व्हिसाविना राहता येते, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. तुम्हाला महिना राहायचे आहे, तेव्हा निघण्यापूर्वी रीतसर व्हिसा काढलेला बरा. विवाहाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. ई-ट्रॅव्हल ही नोंदणी पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन करायची असते आणि ती विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नका.

मुलाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी नातेवाईक तेथे गेल्यावर नक्की सुचवतील म्हणून लिहिते. १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे आई फिलिपिनो असेल तर मूल जन्मतः तेथले नागरिक ठरते, आणि 'त्याचाही पासपोर्ट काढून टाका' असा सल्ला सहज मिळतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, पुण्यात वाढले. माझी आई फिलिपिनो आहे, तिचे माहेर लागुना प्रांतात सान पाब्लोला आहे. मी चार वर्षांची असताना तेथे गेले होते, आता आईबरोबर पुन्हा जाणार आहे. मला तागालोग जवळजवळ येत नाही. मावश्या व्हिडिओ कॉलवर माझ्या वजनावर आणि रंगावर बोलतात, ते मला आवडत नाही. मामेभाऊ मला 'बुम्बाय' म्हणतात. आजीला मी परकी वाटेन अशी भीती वाटते.

उत्तर : तुझ्या पत्राने मला लोस बान्योसची आठवण फार आली, सान पाब्लो तेथून जवळच आहे. सात तळ्यांचे ते गाव मी अनेकदा पाहिले आहे.

आधी 'बुम्बाय'चे बघू. हा शब्द बॉम्बेवरून आला आणि तेथे तो सरसकट सगळ्या भारतीयांना लावतात. मोटारसायकलवरून दारोदार फिरून पाच उसने देणारे आणि सहा परत घेणारे पंजाबी सावकार लोकांच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे त्यात थोडी हेटाळणी असते. 'रडलास तर बुम्बाय घेऊन जाईल' असे लहान मुलांना घाबरवतात. मोठ्या कांद्यालाही तेथे बुम्बायचा कांदा म्हणतात. तू मामेभावांना शांतपणे सांग की मी बुम्बाय नाही, पुणेकर आहे, आणि हा भेद आमच्याकडे फार गंभीरपणे पाळतात. त्यांना तो समजणार नाही, पण त्यांच्यापैकी कोणी मनिलाकरांविषयी असेच काही बोलू लागला की समजेल.

वजनाचे बोलणे तुला लागते आहे आणि ते लागण्यासारखेच आहे, त्यात तुझे काही चुकत नाही. 'तुमाबा का', म्हणजे 'जाड झालीस', हे तेथे भेटीचे पहिले वाक्य असते. आपल्याकडच्या आत्याही लग्नघरात 'किती ग वाळलीस' म्हणून दारातच उभ्या करतात, त्यातलाच हा प्रकार. पण रंगाविषयी बोलणे मी त्यात मोडणार नाही. गोऱ्या कातडीचे वेड तेथेही आहे, गोरेपणाचे साबण दुकानांत रचून ठेवलेले असतात, आणि त्याला प्रेम म्हणून गोड मानून घेण्याचे कारण नाही. ते बोलणे तू स्वतः उत्तर देऊन थांबवू नकोस, कारण लहानांनी उलट बोलणे तेथे फार मनाला लावून घेतात. निघण्यापूर्वी आईला स्पष्ट सांग आणि तिने बहिणींना फोनवरच समज द्यावी, हे तिचे काम आहे.

आता आजी. तिच्या समोर गेल्यावर तिचा उजवा हात हातात घे, 'मानो पो' म्हण आणि तो हात आपल्या कपाळाला टेकव. ती 'काआवान का नांग दियोस' असे काहीसे पुटपुटेल, देव तुझ्यावर दया करो असा त्याचा अर्थ. नमस्कार आणि त्यावरचा आशीर्वाद, दोन्ही त्यात आले. वाक्याच्या शेवटी 'पो' घातले की बोलणे आदराचे होते, त्यामुळे तुला दहाच शब्द येत असतील तरी दहाही शब्दांपुढे 'पो' लाव. थोरल्या बहिणीला 'आते' आणि थोरल्या भावाला 'कुया' म्हणतात. हे दोन्ही शब्द चिनी व्यापाऱ्यांच्या होक्कियेन बोलीतून आले आहेत. आमच्या मुलीला पहिले सहा महिने वाटत होते की गावातल्या सगळ्या मुली तिच्या आत्या लागतात.

भाषा तुला वाटते तितकी परकी नाही. 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा, 'दुखा' म्हणजे दीनदरिद्री. मलय बेटांमार्गे गेलेले हे संस्कृत शब्द आहेत. स्पॅनिशातून तेथे गेलेला 'साबोन' आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला साबण एकच, 'पातातास' आणि बटाटाही तसेच. मला सर्वांत आवडणारा शब्द 'माहाल' आहे. त्याचा अर्थ महागही होतो आणि लाडकेही, आणि अभ्यासक त्याचे मूळ ज्या 'महार्घ' शब्दात सांगतात, त्यातूनच मराठी 'महाग' आला आहे. बाजारात 'माहाल' म्हणून भाव पाडता येतो, आणि आजीला 'माहाल किता, लोला' म्हटले की ती रडते. दोन्ही करून पाहा.

गप्पा मारता आल्या नाहीत तरी आजीजवळ काम मागून घे. नारळ खवणे, तांदूळ निवडणे, लसूण सोलणे यांना व्याकरण लागत नाही. आणि तिला विचार की आई लहान असताना कोणत्या खोड्या करायची. पंधरा वर्षांनी घरी आलेल्या लेकीच्या आईला हे सांगायला कोणीतरी हवे असते. बाकीचे भाषांतर आई करील, आणि स्वतःविषयीची काही वाक्ये गाळील, तेव्हा शेजारी एखादी मामेबहीण बसवून घे.

प्रश्न : माझा मुलगा कतारमध्ये असतो, सून फिलिपिनो आहे. नऊ वर्षांनी ती माहेरी, बुलाकान प्रांतात मालोलोसला जाते आहे आणि तिच्या आईने मलाही आग्रहाने बोलावले आहे. आम्हा विहिणींची अजून गाठ पडलेली नाही. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. जावे की नाही? (चिपळूण)

उत्तर : अवश्य जा. मालोलोस हे फिलिपिनोंच्या पहिल्या प्रजासत्ताकाचे गाव, १८९८ मध्ये तेथल्या बारासोआइन चर्चमध्ये त्यांची संसद भरली होती, आणि विहीणबाई तुम्हाला ते चर्च दाखवल्याशिवाय सोडणार नाहीत. नात्यालाही तेथे नाव आहे. मुलामुलींच्या लग्नाने जोडले गेलेले आईवडील एकमेकांना 'बालाए' म्हणतात, म्हणजेच व्याही-विहीण. इंग्रजीत बोलताना सुनेला तुमची ओळख करून देण्यासाठी दीड वाक्य लागेल, तागालोगमध्ये एक शब्द पुरेल. आहेराची साडी नेऊ नका, नेसवणार कोण? हातमागाची चादर किंवा पितळेची समई न्या. समई त्या 'आल्तार'जवळ, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याजवळ, ठेवतील असा माझा अनुभव आहे.

जेवणाचे मात्र सोपे नाही. 'भाजी' म्हटली तरी तीत कोळंबीचा खारवलेला 'बागोओंग' किंवा माशाचे 'पातीस' पडलेले असते, आणि मांस नको म्हटले तर कोंबडी वाढतात, कारण ती त्यांच्या लेखी मांसात धरली जातेच असे नाही. 'मला चालत नाही' असे सांगितले तर आग्रह होतो. त्याऐवजी ही तुमची 'पानाता' आहे असे सुनेकडून सांगवा. पानाता म्हणजे देवाला दिलेला शब्द, आपला नवस किंवा व्रत. तो शब्द ऐकला की आग्रह तेथेच थांबतो, आणि विहीणबाई स्वतः स्वयंपाकघरात पहारा ठेवतील.

मग खाण्यासारखे पुष्कळ निघते. 'मुंगो' म्हणजे मूगच, लसूण-कांद्यावर परतून केलेले. वरून डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा घालू नका एवढे सांगावे लागते. कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी आणि अळूच्या पानांची 'लाइंग' या चिपळूणच्या माणसाला ओळखीच्या वाटतील, फक्त त्यांतली कोळंबी आधी वगळायला सांगा. कच्च्या पपईच्या लोणच्याला 'आत्सारा' म्हणतात, नावावरूनच ओळखाल. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट तांदळाचा 'सुमान' निर्धास्त खा. बिबिंगका मात्र टाळा, नाव गोव्याच्या बेबिंकासारखे असले तरी पदार्थ निराळा आहे, आणि अंडे दोन्हींत असते. मेतकूट, भाजके पोहे आणि छोटा कुकर बरोबर ठेवा. भात दिवसातून तीनदा मिळेल, त्यामुळे उपाशी राहण्याचा प्रश्न येत नाही.

निघताना वाटेसाठी खाणे बांधून देण्याची रीत तेथेही आहे, तिला 'बाओन' म्हणतात. ती शिदोरी नाकारू नका, दोन्ही हातांनी घ्या. केळीच्या पानात काय बांधले आहे ते मात्र विमानतळावर पोहोचण्याआधी सुनेला उघडून पाहायला सांगा.